केनेटवरच्या बार्बेलसाठी जुना केनचा रॉड: मार्क फोर की विझार्ड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगला राहायला आलेल्या एका मराठी गृहस्थांनी तिथल्या केनेट नदीत कार्बनच्या रॉडवर बार्बेल जातीचे मासे पकडले आहेत, त्यांतला सगळ्यात मोठा सहा पौंडांचा. आता त्यांना जुन्या धाटणीचा, बांबूच्या कामट्या जोडून केलेला स्प्लिट केनचा रॉड हवा आहे. समोर दोन आहेत. एक ‘मार्क फोर टाइप’ म्हणून विकायला ठेवलेला, दहा फुटी, दोन तुकड्यांचा, बनवणाऱ्याचं नाव नसलेला. दुसरा ऑलकॉक कंपनीचा वॉलिस विझार्ड, अकरा फुटी, तीन तुकड्यांचा. कोणता घेऊ, मोठा मासा लागला तर मोडेल का, आणि कोकणात आमच्या परड्यात माणगा जातीचा बांबू आहे त्यातून असा रॉड करून घेता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार. मी जुने केनचे रॉड दुरुस्त करतो आणि बार्बेलच्या मोसमात बहुतेक वेळा त्यांवरच मासे धरतो. त्यामुळे माझं मत केनच्या बाजूने झुकलेलं असणार, हे आधीच धरून चाला.

तुम्ही विचारलंय ‘कोणता रॉड’. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तुम्ही केनेटच्या कुठल्या पट्ट्यात बसता, गळाबरोबर किती शिसं (म्हणजे आमिष तळाला नेणारं वजन) फेकता, आणि लागलेला मासा कशात घुसायला बघतो? ही तीन उत्तरं हातात असली की रॉड जवळजवळ ठरलेलाच असतो. बहुतेक लोक आधी व्हार्निशची चमक पाहून रॉड घेतात आणि मग त्याच्या जिवाला झेपेल असं पाणी हुडकत फिरतात.

केनेट ही खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्याची नदी. विल्टशरमध्ये उगम, मग मार्लबरो, हंगरफर्ड, न्यूबरी, आणि तुमच्या रेडिंगला टेम्सशी संगम. न्यूबरीच्या खाली केनेट अँड एव्हन कालवा कधी नदीत मिसळतो, कधी वेगळा होतो. या एकाच नदीत उथळ, स्वच्छ, गोट्यांचे पट्टेही आहेत आणि विलोच्या (आपल्याकडच्या वाळुंजाच्या भावंडांच्या) मुळ्यांनी पोखरलेले खोल काठही. उन्हाळ्यात लांब दोऱ्यांसारखं पाणगवत माजतं ते वेगळंच. बार्बेल तळाला राहणारा मासा. लांबट, गोलसर अंग, खाली वळलेलं तोंड, चार मिशा आणि रुंद पर. धारेत तळाला चिकटून राहण्यासाठीच तो घडलाय, आणि गळ लागला की ते सगळं अंग तो तुमच्याविरुद्ध वापरतो. तो वर उडी मारत नाही, वेडावाकडा पळतही नाही. खाली दबून सरळ मुळ्यांकडे किंवा गवताकडे निघतो. पहिल्या पाच-सहा सेकंदांत तुम्ही त्याचं तोंड वळवू शकलात तर पुढचं सगळं निवांत होतं. नाही वळवलं, तर मग रॉड कशाचा आहे याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून बार्बेलच्या रॉडमध्ये मी शेंड्याकडे नंतर बघतो, आधी बुडख्याकडे आणि मधल्या भागाकडे. शेंडा मऊ असला तर चालतं, चांगलंच असतं. पण वजन वाढत गेलं की वाक खाली उतरत बुडख्यापर्यंत गेला पाहिजे आणि तिथे काहीतरी ताकद शिल्लक असली पाहिजे. कावडीचा बांबू ओझ्याखाली सबंध वाकतो आणि तरी ओझं धरून राहतो, तसं. नुसता शेंडाच लवतो आणि खाली काठी जशीच्या तशी, तो रॉड बार्बेलचा नव्हे. आणि जो मुठीपर्यंत लवून तिथे हार मानतो, तोही नव्हे.

ही ताकद मोजायची इथली रीत म्हणजे ‘टेस्ट कर्व्ह’. मूठ घट्ट धरून शेंडा ओढायचा. शेंडा मुठीशी काटकोनात आला की ताणकाट्यावर जे वजन दिसेल ते त्या रॉडचं टेस्ट कर्व्ह. दीड पौंड लागले तर दीड पौंडी रॉड. ही कल्पना रिचर्ड वॉकर या नामांकित इंग्लिश मासेमाराने इथल्या लोकांत रुजवली, आणि सोबत एक सोपा हिशोबही दिला: टेस्ट कर्व्हला पाचाने गुणा, साधारण तेवढे पौंड ताण पेलणारी लाइन, म्हणजे गळाची दोरी, त्या रॉडला शोभते. दीड पौंडी रॉडला साडेसात पौंडांची, एक पौंडीला पाचाची. थोडं इकडे-तिकडे चालतं. शिशाचाही असाच ठोकताळा आहे: जितके पौंड टेस्ट कर्व्ह, तितके औंस शिसं आरामात फेकता येतं. एक पौंडी रॉडला एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम. कार्बनवर लोक हा आकडा सर्रास ओलांडतात. केनवर मी तो कमाल मर्यादा मानतो आणि शक्यतो त्याच्या आतच राहतो, कारण मासा वर्षातून थोडेच वेळा लागतो, फेक मात्र दिवसभर चालू असते. जुन्या केनचं नुकसान माशांपेक्षा जड शिशाच्या फेकींनी जास्त झालेलं मी पाहतो.

इथेच ट्रेंटसारखी नदी केनसाठी बाद होते. तिथल्या मोठ्या धारेत आमिष तळाला टिकवायला तीन-तीन, चार-चार औंसांचे फीडर (चारा भरायच्या जड डब्या) लागतात. सेव्हर्नच्या रुंद पट्ट्यांतही पाणी चढलं की तीच गत. (सेव्हर्नमध्ये बार्बेल मुळात नव्हता. १९५६ मध्ये केनेटमधूनच मासे नेऊन तिथे सोडले. तेव्हा तुमची नदी त्या अर्थाने माहेर आहे.) केनेटच्या मधल्या पट्ट्यांत मात्र अर्धा ते एक औंसात काम भागतं. केनच्या रॉडसाठी नदी म्हणून तुमची निवड उत्तम आहे, हे सांगायला मला आनंदच वाटतो.

आता तुमचे दोन रॉड.

मार्क फोर ही वॉकरची रचना. आधीच्या तीन प्रयत्नांनंतरचा चौथा, म्हणून फोर. मूळ हेतू कार्प मासा. १३ सप्टेंबर १९५२ ला हेरफर्डशरच्या रेडमायर तळ्यात त्याने ४४ पौंडांचा कार्प याच रॉडवर धरला, तो तेव्हाचा ब्रिटनचा विक्रम होता, आणि त्यानंतर या रॉडचं नाव घराघरात गेलं. ईलिंगची बी. जेम्स अँड सन ही कंपनी तो अधिकृतपणे बनवत असे. पण दोन भावंडं होती, आणि गोंधळ इथेच होतो. ‘मार्क फोर कार्प’ दीड पौंडी. ‘मार्क फोर एव्हन’ त्याहून हलका, पौंडाच्या आसपासचा, चब (नदीतलाच आणखी एक मासा) आणि बार्बेलसाठी. दोन्ही दहा फुटी, दोन्ही दोन तुकड्यांचे, दोन्हींची बुचाची मूठ लांब आणि तिच्यावर रीळ धरायला सरकत्या कड्या. फोटोत ओळखू येत नाहीत. शिवाय वेअर गावच्या चॅपमनसकट बऱ्याच जणांनी त्या धर्तीवर रॉड काढले, आणि कितीतरी हौशी लोकांनी तयार कामट्या आणून घरच्या शेडमध्ये जोडले. आज विकणारा दहा फुटी, मधाच्या रंगाचा कुठलाही दोन तुकडी रॉड ‘मार्क फोर टाइप’ म्हणून खपवतो. त्या दोन शब्दांनी तुम्हाला लांबी कळली, बाकी काहीही नाही.

बनवणाऱ्याचं नाव नाही याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. नावाचे पैसे संग्राहक देतात. अनाम हातांनी केलेले काही रॉड इतके सरळ, इतके नेटके असतात की दुरुस्तीला आल्यावर परत द्यावेसे वाटत नाहीत. तुमच्यासमोरचा रॉड सव्वा ते दीड पौंडाच्या दरम्यान निघाला आणि अंगाने धड असला, तर केनेटला तो तुमचा.

तो नेमका किती पौंडी आहे हे बघायला दुकानात वाकवून बघू नका. अनोळखी जुन्या रॉडला काटकोनात वाकवणं म्हणजे तो मोडायचा परवाना मागणं. हातात घेऊन मुठीच्या वर, लाइन ओवायच्या पहिल्या कडीपाशी किती जाड आहे ते बघा आणि आडव्या झटक्यात किती चटकन थांबतो ते बघा. इथे एक गणित कामाचं आहे. भरीव काठीचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वजन मात्र वर्गाने. म्हणजे जाडी दहा टक्के वाढली तर ताठरपणा जवळजवळ ४६ टक्के वाढतो, वजन फक्त २१ टक्के. डोळ्याला जेमतेम कळेल इतक्या फरकाने एव्हनचा कार्प रॉड होतो. घरी आणून, अंग तपासून झाल्यावर मग खरी मोजणी करा, आणि तीही रॉड जमिनीला समांतर, आडवा ओढून. वर धरून वजन टांगलंत तर केनचं स्वतःचंच ओझं मोजणीत मिसळतं. बॅगा तोलायचा साधा काटा पुरतो.

विझार्ड वेगळ्याच कामाचा आहे. रेडिचच्या ऑलकॉकने तो काढला, नाव नॉटिंगहॅमच्या एफ. डब्ल्यू. के. वॉलिस यांचं. गोल फिरणाऱ्या साध्या सेंटरपिन रिळावरून थेट लांब फेकायची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बुडख्याचा तुकडा अख्ख्या बांबूचा, वरचे दोन कामट्यांचे. अख्खा बांबू आतून पोकळ, म्हणून अकरा फूट असूनही हातात फार जड होत नाही. ती लांबी फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बोंड) सोडून धारेबरोबर वाहू देताना उपयोगी पडते, कारण पलीकडच्या धारेत अडकलेली लाइन उचलून सरळ करता येते. पण रॉड मऊ आहे. उघड्या, गोट्यांच्या पट्ट्यात, कंबरभर पाण्यात, मॅगट (अळ्या) किंवा हेम्पच्या दाण्यांवर चार-पाच पौंडांचे बार्बेल धरायला याच्यासारखी मजा नाही. मुळ्यांच्या काठाशी, शिसं तळाला टाकून बसायचं असेल तर हा रॉड तुम्हाला आणि माशाला दोघांनाही छळेल.

माशाचं मी मुद्दाम म्हणतोय. बार्बेल शेवटच्या दमापर्यंत झुंजतो. थकून सोडलेला मासा धड पोहत नाही, उलटा होऊन वाहून जातो. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी, आणि मऊ रॉडवर झुंज लांबली की हे जास्त होतं. जाळीतून काढण्याआधी त्याला जाळीतच पाण्यात विसावू द्या, सोडताना तोंड धारेकडे करून सरळ धरा, आणि तो स्वतः जोर करून निसटेपर्यंत हात काढू नका. कधी मिनिटभर लागतो, कधी बराच वेळ. जुन्या रॉडची हौस आपली असते, तिची किंमत माशाने मोजू नये. म्हणून शंका असेल तेव्हा मी थोडा ताकदवान रॉड घ्या असंच सांगतो.

थोडक्यात, तुम्ही शिसं टाकून, गवत-मुळ्यांच्या जवळ बसत असाल तर दहा फुटी. उथळ धारेत फ्लोट वाहवत फिरत असाल तर विझार्ड. बाकी सगळं त्या-त्या रॉडच्या तब्येतीवर, आणि ती बघायची कशी हे जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच बुडतात.

आधी सांधे. तुकडे एकमेकांत बसवायच्या त्या पितळी नळ्यांना इथे फेरुल म्हणतात. रॉड जोडा, मूठ धरून हलकेच डावी-उजवीकडे झटका द्या. सांध्यातून ‘टक्’ असा आवाज आला तर नळ्या झिजल्यात, किंवा आतला बांबू नळीत सैल झालाय. दुसरं दुरुस्त होतं, पहिल्यासाठी नवा सांधा बसवावा लागतो आणि त्याचा खर्च स्वस्त रॉडच्या किमतीएवढा होऊ शकतो. सांधा सोडवताना नीट सरळ ओढा, पिळू नका. पिळला की पितळ फिरत नाही, आतल्या कामट्या फिरतात. विक्रेताच पिळताना दिसला तर समजा, आजवर तसाच पिळला गेलाय.

मग एकेक तुकडा डोळ्याला लावून बंदुकीसारखा बघा आणि बोटांत फिरवा. लांबवर पसरलेला हलका बाक असेल तर ते वापराचं लक्षण आहे, मला त्याचं काही वाटत नाही. ऊब देऊन तो बराचसा काढता येतो, जरी काही वर्षांनी थोडा परत येतोच. पण एकाच जागी, विशेषतः सांध्याच्या लगेच वर, चटकन मोड घेतल्यासारखा वाक दिसला तर तिथले धागे तुटलेले आहेत. खाली ठेवा आणि आभार मानून निघा. केन मोडतो तो बहुधा याच जागी, कारण पितळ वाकत नाही आणि सगळा ताण त्याच्या कडेला येऊन साचतो.

कामट्यांचे जोड बघा. स्प्लिट केनमध्ये सहा कामट्या, प्रत्येकीचा छेद साठ अंशांचा त्रिकोण, मिळून षटकोन. बांबूतले ताकदीचे धागे सालीच्या लगेच आत दाटीने असतात, गाभ्याकडे विरळ होत जातात. म्हणून कारागीर रंधा आतल्या बाजूने मारतो, बाहेरचं अंग नुसतं खरवडतो. सहाही कडा एकसारख्या धारदार आणि जोडाची रेघ केसासारखी बारीक दिसली पाहिजे. रेघ काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. तुकडा दोन्ही हातांत धरून अगदी हलका पीळ द्या, कानाशी न्या; करकर ऐकू आली तर जोड सुटलाय.

जुन्या रॉडवर इंच-दीड इंचाला रेशमी दोऱ्याच्या बांधण्या दिसतील. ती निव्वळ नक्षी नव्हती. त्या काळी कामट्या सरसाने चिकटवत, आणि ओल लागली की सरस सैल पडतो. बांधण्या म्हणजे दुसरा आधार. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्याला दाद न देणारे कृत्रिम रेझिनचे गोंद आले आणि बांधण्या विरळ झाल्या. तेव्हा दाट बांधण्यांचा, कुठल्याशा गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ओलीत पडलेला रॉड म्हणजे दुप्पट संशय. शोभेसाठी दाट बांधणारेही होते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका, नुसतं जास्त बारकाईने बघा.

विझार्डच्या अख्ख्या बांबूच्या बुडख्याला आणखी एक दुखणं असतं, ते तुम्हाला गावाकडून ठाऊक असेल: भुंगा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, आणि झटकलं की पीठ. उभी चीर पडलीय का तेही बघा, खास करून मुठीच्या वर.

लांबी मोजा. तीन तुकडे असोत की दोन, ते मुळात एकसारख्या लांबीचे असतात. शेंड्याचा तुकडा इतरांपेक्षा दोन इंच कमी भरला तर कधीतरी मोडलाय आणि कडी पुन्हा बसवलीय. दोन इंचांनी बार्बेलच्या रॉडचं फार बिघडत नाही, किंमत मात्र त्या प्रमाणात उतरली पाहिजे. कड्यांमध्ये अकीकाचं अस्तर असेल, म्हणजे तो लालसर-करडा दगड, तर कापसाचा बोळा आतून फिरवा. धागा अडकला तर दगडाला चीर आहे, आणि ती चीर तुमची लाइन कापेल. कडी बदलणं स्वस्त आहे. आधी कळलं म्हणजे झालं.

व्हार्निश उडालेलं, बांधण्या सुटलेल्या, बूच काळं पडलेलं, यातलं काहीही मला घाबरवत नाही. उलट नुकताच चकचकीत व्हार्निश केलेला रॉड दिसला की मी जास्त सावध होतो. नव्या थराखाली काय झाकलंय कोण जाणे. आणि बूच पॉलिशपेपरने घासून पांढरंशुभ्र करणाऱ्यांना काय म्हणावं? मुठीचा आकारच जातो.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून चार गोष्टी मागा: प्रत्येक तुकडा टेबलाच्या सरळ कडेशी ठेवून काढलेला फोटो, सांध्याच्या दोन्ही बाजूंचा जवळून फोटो, प्रत्येक तुकड्याची मोजलेली लांबी, आणि जोडलेला रॉड हलवतानाचा आवाजासकट व्हिडिओ. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

मोडेल का? धड केन सहज मोडत नाही. तो भरीव असतो, पातळ भिंतीच्या कार्बनसारखा एका ठोक्याने फुटत नाही. त्याची सवय वाकायची, आणि फार वेळ वाकवून ठेवला तर तसाच राहायची. मोडतो तो आपल्या हाताने. मासा पायाशी आला की रॉड डोक्यामागे उभा नेऊ नका, सगळा ताण शेंड्याच्या वीतभर भागावर येतो. मागे सरका, रॉड आडवा घ्या, जाळी लांब दांड्याची ठेवा. गळ तळाला अडकला तर रॉड वाकवून ओढायचा नाही. रॉड लाइनच्या रेषेत सरळ करा, हाताला फडकं गुंडाळून लाइन ओढा. आणि झुंजताना अधूनमधून रॉड फिरवून कड्या वर-खाली करा, म्हणजे बाक एकाच बाजूला बसत नाही. घरी आल्यावर पुसून, सुकवून, कापडी पिशवीत घालून उभा टांगा. ओल्या पिशवीत गाडीच्या डिकीत आठवडाभर ठेवलेला रॉड माझ्याकडे येतो तेव्हा मी मालकाशी थोडं कमी बोलतो.

लाइनबद्दल: सव्वा-दीड पौंडी रॉडला सहा ते आठ पौंडांची साधी नायलॉन, म्हणजे आपला तंगूस. वेणीची लाइन केनवर नको. ती ताणत नाही, त्यामुळे प्रत्येक हिसका थेट कामट्यांना बसतो, शिवाय जुन्या कड्यांना ती कापते. रीळ सेंटरपिन घ्या किंवा मिचेल कंपनीचं जुनं, दोन्ही शोभतात. पण नवशिक्याने केन आणि सेंटरपिन दोन्ही एकदम शिकू नये असं माझं मत. एक मोसम ओळखीच्या रिळावर जाऊ द्या.

आता माणगा. हे वाचून मला बरं वाटलं, कारण असा विचार सुचणं स्वाभाविक आहे. माणगा जवळजवळ भरीव, चिवट, सरळ. पण स्प्लिट केनला भरीवपणाचा उपयोग नाही. आतला गाभा रंध्याखाली जातोच. हवा तो सालीलगतचा धाग्यांचा जाड थर, लांब पेरं आणि बसक्या गाठी. हे तिन्ही एकत्र देणारा बांबू म्हणजे टोंकिन केन, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. गाठ आली की धागे वळतात आणि तिथे कामटी कमजोर होते, म्हणून पेर जितकं लांब तितकं बरं. गंमत म्हणजे टोंकिन येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, स्प्लिट केनचे रॉड भारतातून येणाऱ्या बांबूचेच करत. कलकत्ता बंदरातून यायचा म्हणून ‘कलकत्ता केन’. तेव्हा आपला बांबू या कामाला अगदी परका नाही, फक्त त्याहून सोयीचा मिळाला आणि तो मागे पडला. माणग्याची अख्खी काठी करून गावच्या ओढ्यावर गरवायला जा, फार छान. कामट्यांचा रॉड करायला तो इकडे आणण्याचा खटाटोप मी करणार नाही.

एक पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण सांगतो. तुम्हाला केनचा मऊपणा हवा असेल, केन असण्याचं अप्रूप नसेल, तर १९७० च्या दशकातले पोकळ ग्लासफायबरचे एव्हन रॉड बघा. वाक बराचसा तसाच, पाण्याची भीती नाही, आणि संग्राहक त्यांच्याकडे ढुंकून बघत नसल्यामुळे किंमत किरकोळ. आणि दुसऱ्या टोकाला, न्यूबरीच्या एडवर्ड बार्डर यांच्यासारख्या कारागिरांनी बनवलेले नवे केनचे रॉड. पण ती किंमत बघून आधी घरी बोलून घ्या.

माझा कल तुमच्या बाबतीत दहा फुटीकडे आहे, कारण सहा पौंडांचा मासा तुम्ही शिसं टाकूनच धरला असणार असा माझा अंदाज. तो चुकीचा असेल, तुम्ही फ्लोटवाले असाल, तर विझार्ड बघायला जा आणि बुडख्याचा तुकडा आधी तपासा. इथे नद्यांवर मासेमारीची बंदी १५ मार्च ते १५ जून असते, त्यामुळे १६ जूनच्या आत रॉड तयार हवा असेल तर आत्ताच घ्या. बांधण्या नव्या करून व्हार्निशचे चार-पाच पातळ थर द्यायचे आणि प्रत्येक थर पुरता कडक होऊ द्यायचा, यात आठवडे जातात. मे महिन्याच्या शेवटी रॉड घेऊन आलेल्यांना मी पहिल्या दिवशी कार्बनच घेऊन जा म्हणून सांगतो.